आजीची साक्ष आणि छापील कागद

आमचा हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. बोट कापले की इथल्या घरातली बाई आधी हळदीचा डबा उघडते. घर हिंदूचे असो की मुसलमानाचे, डबा तोच.

याच उपायावर मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांचा दावा होता, जखम भरून येण्यासाठी हळदपूड वापरण्याच्या पद्धतीवर.

पेटंट देताना दोन मुख्य प्रश्न विचारतात. गोष्ट नवी आहे का? आणि नवी असली, तरी त्या विषयातल्या जाणत्या माणसाला ती सहज सुचली असती का? तुम्ही म्हणाल, हळदीबाबत हे विचारायचे तरी कशाला? पण तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातली तोंडी माहिती पुरावा म्हणून चालत नसे. छापील आधार लागे. आजीची साक्ष तिथे कामाची नव्हती.

डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ साली या पेटंटाला आव्हान दिले आणि ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांतले काही शंभर वर्षांहून जुने, संस्कृत, उर्दू आणि हिंदीतले. माझ्या घरात उर्दू बोलली जाते, त्यामुळे त्या यादीत उर्दूही आहे हे वाचून बरे वाटले. १९९७ साली दावे फेटाळले गेले.

मी कविता लिहितो. चांगला शेर ऐकला की वाटते, हे तर मलाही सुचले असते. सुचलेले मात्र नसते! म्हणून ‘सहज सुचण्यासारखे’ हे मागाहूनच्या शहाणपणाने ठरवायचे नसते. अर्जाच्या तारखेआधी जाणत्यांना काय ठाऊक होते, ते पाहायचे असते. उद्या कुणी हळदीतून खरोखरच नवे औषध काढले, तर त्याचा मान त्याला द्यावा. पण जुने ते जुने, हे आपल्याला दाखवता आले पाहिजे.

२००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतले उपाय नोंदवले आहेत. ग्रंथात नसलेले, नुसते तोंडात असलेले ज्ञान मात्र अजून गावोगाव आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, तारीख घालून लिहून काढा आणि कुठेतरी छापून आणा. शाळेचा वार्षिक अंकही चालेल.