अंकुराला उजेड कोठें कळतो?

नवरात्रांत घटाभोंवतीं पेरलेल्या गव्हाला तिसऱ्या-चौथ्या दिवशीं कोंब फुटतात, आणि देवघराला एकच खिडकी असेल तर ते सारे तिच्याच बाजूस कललेले आढळतात. 'उजेडानें झाड ओढलें जातें' एवढें बोलून बहुतेक मंडळी तो विषय तेथेंच सोडतात. पण कोंबाला ना डोळे, ना स्नायु, ना मज्जातंतु. मग उजेड अमक्या बाजूस आहे हें त्याला कळतें कोठें, आणि वळतें तें काय?

इंग्लंडांतील डाउन या खेड्यांत, राहत्या घरीं, चार्ल्स डार्विन यांनीं पुत्र फ्रान्सिस याच्या साह्यानें हा प्रश्न हातीं घेतला. कॅनरी पक्ष्यांना ज्या गवताचें बीं खाऊं घालतात तें त्यांनीं रुजत घातलें. कांहीं अंकुरांच्या शेंड्यांवर उजेड आंत जाऊं न देणाऱ्या इवल्याशा टोप्या चढविल्या. कांहींचा खालचा भाग बारीक काळ्या वाळूंत पुरून शेंडा तेवढा उघडा ठेवला. एका बाजूनें उजेड पडतांच टोपीवाले ताठ राहिले, आणि वाळूंतले मात्र झांकलेल्या भागासकट वांकले. पाहणारा एक व वळणारा दुसरा! शेंड्याकडून खालीं कांहीं निरोप जात असला पाहिजे, असें डार्विन यांनीं १८८० सालच्या ग्रंथांत प्रतिपादन केलें.

विरोध झाला तो थोर अधिकाऱ्याकडूनच. वुर्ट्सबुर्ग येथील युलिउस साक्स यांच्या प्रयोगशाळेंत फ्रान्सिसनें कांहीं काळ काम केलें होतें. त्याच साक्स यांनीं मुळांच्या टोकांवरील डार्विनांचे अशाच धर्तीचे प्रयोग अनाडी हातांचें काम ठरविलें. मोठ्या प्रयोगशाळेला घरगुती प्रयोगाचें वावडें असतें, तें असें.

निरोपाचा माग डेन्मार्कच्या बॉयसन-येन्सन यांना लागला. शेंडा छाटून, मध्यें जिलेटिनचा पातळ थर देऊन तो पुन्हा बसविला, तरी अंकुर वळला. सावलीच्या बाजूस अभ्रकाचा तुकडा खुपसला, तेव्हां मात्र वळेना. अर्थात् निरोप म्हणजे कोणतें तरी द्रव्य, आणि तें अंधाऱ्या बाजूनें उतरतें.

तें द्रव्य हातीं लागलें १९२६ सालीं, हॉलंडांतील उत्रेख्त येथें. फ्रिट्स व्हेंट हा तरुण दिवसा लष्करी सेवा करी व रात्रीं प्रयोग. ओटच्या अंकुरांचे छाटलेले शेंडे त्यानें खळीसारख्या गोठलेल्या पदार्थावर कांहीं वेळ ठेवले, नंतर शेंडे टाकून देऊन त्या पदार्थाचा लहानसा ठोकळा बिनशेंड्याच्या अंकुरावर एका कडेला बसविला. पूर्ण अंधारांत तो अंकुर दुसऱ्या बाजूस वांकला! या द्रव्यास 'ऑक्सिन' म्हणतात. एका बाजूनें उजेड आला कीं तें सावलीच्या बाजूस अधिक जमतें. तेथील पेशी अधिक लांबतात, आणि लांब बाजूनें आंखूड बाजूस रेटा दिल्यावर कोंब वांकणारच. उजेड झाडाला ओढीत नाहीं; अंधारी बाजू त्याला ढकलते.

शेंड्यांतील 'डोळा' सांपडण्यास आणखी सत्तर वर्षें लागलीं. १९९७ सालीं विन्स्लो ब्रिग्ज यांच्या मंडळीनें मोहरीच्या कुळांतील एका चिमुकल्या रोपांत त्याचें जनुक हुडकून काढलें. हें प्रथिन, 'फोटोट्रोपिन', 'ब-२' जीवनसत्त्वापासून बनलेल्या रंगद्रव्याच्या योगें निळा प्रकाश टिपतें; तांबडा त्याला जवळजवळ दिसतच नाहीं. व्हेंट यांच्यासारखे संशोधक अंकुर हाताळतांना तांबडा दिवाच लावीत, तो यासाठींच.