टाचेमागचा दोर

(सुवर्णमहोत्सवाच्या पहिल्या दिवशी सायंकाळी झालेले भाषण)



उद्या सकाळी आपल्या सभासदांची धावण्याची शर्यत आहे. नावे देणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेले पुष्कळजण आहेत, म्हणून दोन शब्द बोलतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका शर्यतीत मी सरावावाचून धावलो. एकाएकी पाठीमागून कोणी लाथ मारली असे वाटले. वळून पाहतो तो मागे कोणीच नाही! टाचेमागची कंडरा तुटली होती.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर. विहिरीचा दोर उकलला तर पेड निघतात, पेडांतून सुतळ्या, सुतळीतून तंतू. कंडरेची घडण अशीच आहे. तिचे तंतू कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि ताण नसताना ते बारीक लाटांसारखे नागमोडी असतात. ताण आला की आधी या लाटा सरळ होतात. लांबी शेकडा २ ने वाढेपर्यंत फारसा जोर लागत नाही. पुढे दोर ताठ होतो. शेकडा ४ नंतर काही तंतू तुटू लागतात आणि शेकडा ८ ते १० च्या सुमारास दोरच तुटतो, असा साधारण हिशेब आहे. धावताना या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या बारापटीपर्यंत भार मोजला गेला आहे.

स्नायू थोड्या आठवड्यांत बळावतो, कंडरा मात्र सावकाश. १९५५ ते १९६३ च्या अणुस्फोटांनी हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनाची खूण डेन्मार्कच्या संशोधकांनी कंडरेत शोधली. सतराव्या वर्षानंतर तिचा गाभा जवळजवळ नवा होत नाही, असे त्यांनी २०१३ साली दाखविले. तरुणपणी मिळालेला दोर जन्मभर पुरवायचा आहे!

मग भिऊन बसून राहावे काय? मुळीच नाही. न वापरलेली कंडरा दुबळी होते. तिला हळूहळू वाढविलेला भारच मानवतो. १९९८ साली स्वीडनमध्ये हाकन आल्फ्रेडसन यांनी कंडरा दुखणाऱ्या १५ धावपटूंकडून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम १२ आठवडे करविला; ते सर्व पुन्हा धावू लागले.

तेव्हा ज्यांचा सराव नाही, त्यांनी उद्या चालावे आणि पुढच्या वर्षीच्या शर्यतीची तयारी उद्यापासूनच करावी. मीही चालतच येणार आहे, सोबतीला या.