मुक्त सॉफ्टवेअर आणि नवागतांचे स्वागत

(कोहळी समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वधूवर-परिचय आणि गुणवंतांचा सत्कार यांच्या जोडीस आम्ही संगणकाचा विषय मांडावा, याचे काहींस नवल वाटेल. परंतु ज्या मुलांचा आज सत्कार झाला, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरच्या यंत्राशी या विषयाचा प्रत्यक्ष संबंध आहे.

विंडोज १० या प्रणालीस मिळणारे सर्वसाधारण विनामूल्य साहाय्य तिच्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. पुढील आवृत्ती अनेक जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे बसत नाही. यंत्र धडधाकट, पण त्याची डागडुजी बंद, अशी ही स्थिती आहे. धानाच्या पैशातून घेतलेला संगणक भंगारात काढणे शेतकऱ्यास परवडत नाही; आणि चोरीची प्रत वापरून मुलांस सचोटीचे धडे देणे आमच्यासारख्या मास्तराच्या मनास रुचत नाही. यातून निघण्याचा सरळ मार्ग म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर.

‘मुक्त’ आणि ‘फुकट’ यांत आपल्या भाषेने मुळातच भेद केला आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा त्यांचा आग्रह किमतीविषयी नव्हता. आज्ञावली वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि शेजाऱ्यास देण्याचा अधिकार सर्वांस असावा, असा तो आग्रह होता. पुढे १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. आज लिनक्स मिंटसारखी प्रणाली चार जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्रावरही चालते. लिब्रेऑफिसमध्ये मराठीत लिहिता येते. मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात.

मग लोक तिकडे वळत का नाहीत? आमच्या मते खरी अडचण पहिल्या तासाची आहे. नवखा मनुष्य पडदा पाहून बावरतो. छपाईयंत्र चालत नाही. जुन्या फाँटमध्ये टंकलेले मराठी पत्र उघडले, तर अर्थहीन अक्षरे दिसतात. अशा वेळी जाणत्याने ‘एवढेही येत नाही?’ म्हटले की तो मनुष्य घरी जातो, तो पुन्हा येत नाही. पहिलीत आलेले मूल पहिल्याच दिवशी हिरमुसले, तर त्यास पुन्हा शाळेत आणणे किती कठीण, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. प्रौढांचे मन याहून वेगळे नसते.

म्हणून आमची सूचना अशी, की समाजाच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी साह्यवर्ग भरवावा. तेथे आलेल्यास प्रथम बसावयास जागा आणि पाणी द्यावे, आणि ‘आपणांस संगणकावर काय करावयाचे आहे?’ एवढेच विचारावे. कोणास सातबारा पाहावयाचा असेल, कोणास मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असेल. शिकवणी त्या कामापासून सुरू व्हावी. जे काम मुक्त प्रणालीवर होत नसेल, ते होत नाही असे स्पष्ट सांगावे.

प्रणाली बसविण्यापूर्वी त्याच्या छायाचित्रांची व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. नंतर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवावे. यात मूळ यंत्रातील काहीच पुसले जात नाही. छपाई, इंटरनेट आणि मराठी टंकन ही तिन्ही जमली, आणि मालकाची संमती मिळाली, तरच पुढे जावे. माउस मात्र शिकणाऱ्याच्याच हाती असावा. सांगणाऱ्याने तो हिसकावून घेतला, की काम लवकर होते, पण शिक्षण थांबते.

दोन नवागतांमागे एक मदतनीस पुरे. मदतनिसांत आपल्या महाविद्यालयीन मुली अवश्य असाव्यात, म्हणजे भगिनी संकोच न करता विचारतील. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून पुढील रविवारपर्यंत शोधून आणावे. प्रश्न वहीत लिहून ठेवावेत. तेच प्रश्न पुन्हा येतात. आणि आज शिकलेल्यास पुढील वर्गात दुसऱ्याच्या शेजारी बसवावे.

आता एक गोष्ट विशेष निक्षून सांगावयाची आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली आपल्या ग्रंथात तलाव बांधणारे म्हणून कोहळ्यांची नोंद केली. नवेगाव बांध कोलू पाटलांनी बांधल्याचे आपण अभिमानाने सांगतो. परंतु १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, गावाची वार्षिक देखभाल सुटत गेली आणि अनेक तलाव गाळाने भरले. सामायिक वस्तू नुसती बांधून टिकत नाही. ती दरवर्षी जपावी लागते. मुक्त सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. ते जगभरच्या लोकांनी बांधून ठेवले आहे. नवागतास हात देणे ही त्याची देखभाल होय.

आणि पाण्याच्या बाबतीत आपल्या देशात काय घडले, हेही विसरू नये. पाणवठा सर्वांस खुला व्हावा म्हणून १९२७ साली महाडास सत्याग्रह करावा लागला. सभागृह आपल्या समाजाचे असले, तरी या वर्गाच्या दारी कोणासही जात विचारली जाऊ नये. ज्याने हे ज्ञान आपणांस दिले, त्याने आपली जात विचारली नव्हती.

मळणी आटोपली की घरोघर थोडी सवड मिळते. त्या सुमारास पहिला वर्ग भरविण्याचा ठराव कार्यकारिणीने करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. खडू-फळ्याचे काम करण्यास आम्ही तयार आहोत. संगणक जाणणाऱ्या तरुणांनी पुढे यावे. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.