पंप ट्रंकेत लपवू नका
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



थंडी पडली की घरोघर सर्दी-पडसं येतं. घरातला पुरुष शिंकला तर त्याला काढा आणि गोधडी मिळते. बाई शिंकली तरी पहाटेची चूल, झाडलोट आणि कापूस वेचणी तिला चुकत नाही. पण जिला दमा आहे तिचं पडसं साधं नसतं. सर्दीने श्वासनलिका आणखी सुजतात, चिकट कफ साठतो, छातीत घरघर लागते. वर पऱ्हाट्यांचा धूर असतोच. 2016 पासून उज्ज्वला योजनेत सिलिंडर आला, पण तो भरायला पैसे नसले की पुन्हा चूलच पेटते.

मग काय करायचं? सूज कमी करणारा रोजचा पंप सर्दीत मुळीच बंद करायचा नाही, गरोदरपणातही नाही. लगेच आराम देणारा पंप हाताशी ठेवायचा. नुसत्या त्याच्यावर भागवू नका. त्याने नळ्या मोकळ्या होतात, पण सूज तशीच राहते. पंपाबरोबरचा स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडा आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्या. औषध घशात न अडकता छातीत उतरतं. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनने काहींचा दमा उसळतो, म्हणून दुकानातून मिळेल ती गोळी घेऊ नका. कोमट पाणी प्या, नाका-तोंडावर पदर घ्या. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळे पडत असतील, पंपानेही उतार नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

हे सगळं सांगणं सोपं आहे. अडतं कुठे? लग्न मोडेल म्हणून मुलीचा दमा लपवला जातो. सासरी कळू नये म्हणून पंप ट्रंकेत कपड्यांखाली राहतो आणि रात्री धाप लागली की हाती लागत नाही. "पंपाची सवय लागते" असं म्हणून तो सोडायला लावतात. बायांनो, चष्म्याची लाज वाटत नाही, मग श्वासाची का वाटावी?

अंबड, घनसावंगी, मंठा भागातून आपल्या कितीतरी बहिणी ऊसतोडीला जातात. भर थंडीत पाचटाच्या कोपीत राहतात, पहाटे उठून कोयता धरतात. तिथे ओळखीचा दवाखाना नसतो. म्हणून निघण्याआधी पुरेल एवढं औषध बरोबर घ्या आणि पंप कुठे आहे ते टोळीतल्या एका तरी बाईला सांगून ठेवा.

गावातल्या गटांनी दोन कामं घ्यावीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही प्रकारचे पंप आहेत का, ते हिवाळ्याआधी जाऊन विचारावं. नसतील तर ग्रामसभेत मागावेत. आणि दमेकरी बाईला सर्दी झाली की चार दिवस तिच्या घरची चूल आणि झाडू दुसऱ्या कुणी, म्हणजे घरातल्या पुरुषानेही, हातात घ्यावा. हे उपकार नव्हेत. औषधाइतकाच तो तिच्या उपचाराचा भाग आहे.