सिंहासनाचा खर्च

(तळवडे येथे तरुण नोकरदार व कामगार यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



येथील सॉफ्टवेअर उद्यानात काम करणाऱ्या काही तरुण मित्रांनी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेवर बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. जिच्यात ड्रॅगन आग ओकतात आणि मेलेली माणसे चालू लागतात, त्या कथेशी अर्थशास्त्राच्या निवृत्त अध्यापकाचा संबंध काय? त्यावर एकजण म्हणाला, “सर, आधी पाहा तरी.” पाहिली. २०११ ते २०१९ या काळातील आठ पर्वे, एकूण त्र्याहत्तर भाग. झोप मोडून पाहिली, हेही कबूल करतो.

या मालिकेची चर्चा आमचे मित्र करतात ती प्रायः पात्रांच्या हेतूंची. सर्सी राणी एवढी क्रूर का? मुलांपायी. लिटलफिंगर कारस्थाने का करतो? तरुणपणी झालेला अपमान त्याला विसरता येत नाही. डेनेरिस गुलामांना मुक्त करते आणि शेवटी तीच शहर जाळते, हे कसे? अशा प्रश्नांवर रात्री सरतात. नाटकाचा प्राण हेतूंत असतो, हे मला मान्य आहे. परंतु माझे लक्ष सारखे खजिन्याकडे जात होते, आणि या मालिकेचा मोठेपणा असा की तिने खजिना दाखवला आहे.

पहिल्या पर्वातच कळते की राजावर साठ लाख सुवर्णमुद्रांचे कर्ज असून त्यांपैकी निम्मे राणीच्या माहेरचे आहे. पुढे उघड होते की खजिनदार लिटलफिंगर ब्राव्होस येथील आयर्न बँकेकडून उचल करून दरबाराचा थाट चालवीत होता. २०१४ च्या चौथ्या पर्वात टायविन लॅनिस्टर आपल्या मुलीला सांगतो की आपल्या सोन्याच्या खाणी तीन वर्षांपूर्वीच आटल्या. ज्याच्या श्रीमंतीच्या दबदब्यावर सारे राज्य वाकले, तो आतून रिता होता! आणि २०१७ च्या सातव्या पर्वात हे कर्ज फिटते कसे? हायगार्डन हा सुपीक प्रांत लुटून. सोने राजधानीला पोचते. शेतकऱ्यांकडून जबरीने उचललेले धान्य मात्र गाड्यांवरच ड्रॅगनच्या आगीत जळते. त्या शेतकऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला कळत नाही. त्यांच्या हेतूंची चर्चा कोणी करीत नाही, कारण मालिकेने त्यांना हेतूच दिलेले नाहीत.

शेवटच्या भागात एक प्रसंग आहे. सिंहासन वितळून गेले आहे आणि नवा राजा निवडण्यासाठी सरदार जमले आहेत. सॅमवेल टार्ली चाचरत सुचवतो की ज्यांच्यावर राज्य करावयाचे, त्या सर्वांनीच राजा का निवडू नये? सारे सरदार हसतात. एकजण विचारतो, मग कुत्र्यांनाही मत द्यावयाचे काय? अमेरिकेत हा भाग १९ मे २०१९ रोजी दाखवला गेला. त्याच दिवशी आपल्याकडे लोकसभा निवडणुकीच्या सातव्या व अखेरच्या टप्प्याचे मतदान झाले. ते सरदार ज्या कल्पनेला हसले, ती येथे सात दशके रांगेत उभी राहून बोटाला शाई लावून घेत आहे. मला त्या हसण्याचा राग आला. पण थोड्याच वेळात मनात आले की आपण तरी मत देताना काय पाहतो?

आपले तळवडे शिरूर लोकसभा मतदारसंघात येते. येथे २९ एप्रिल २०१९ रोजी मतदान झाले आणि डॉ. अमोल कोल्हे निवडून आले. त्या वेळी झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका चालू होती आणि तिचे नायक तेच होते. त्यांनी निवडणूक लढवली यात वावगे काही नाही. नटालाही नागरिकत्व असते, आणि २०२४ साली मतदारांनी त्यांना पुन्हा कौल दिला. माझे म्हणणे आपल्या पाहण्याविषयी आहे.

त्या मालिकेतील अण्णाजी दत्तो आठवा. घराघरांत त्यांना शिव्या बसत. पण हे अण्णाजी होते कोण? शिवाजी महाराजांचे सुरनीस. स्वराज्यातील जमिनीची मोजणी आणि महसुलाची आकारणी या कामाशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब नि वीस रुंद म्हणजे एक बिघा, एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. आणि सभासदाच्या बखरीप्रमाणे पिकाच्या पाच वाट्यांपैकी तीन रयतेला, दोन सरकारला. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज निवर्तले, त्यानंतर रायगडावर जो संघर्ष झाला त्यात हा महसुलाचा माणूस एका पक्षाला होता. अण्णाजींनी राजारामांना गादीवर बसवले. पुढे कटाच्या आरोपाखाली त्यांना देहदंड झाला. मी त्यांची वकिली करीत नाही. मात्र महसूल कोण गोळा करणार आणि सैन्याचा पगार कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न त्या संघर्षाच्या पोटात असलाच पाहिजे. मालिकेत तो कुठे दिसत नाही. दिसतो तो एक कपटी कारभारी आणि एक सावत्र आई.

नुसत्या नात्यागोत्याने उलगडा होत असता, तर सेनापती हंबीरराव मोहित्यांनी सख्ख्या बहिणीच्या मुलाचा, म्हणजे राजारामांचा पक्ष घेतला असता. ते सैन्यासह संभाजीराजांकडे गेले, आणि निकाल तेथेच लागला.

असे पाहण्याची सवय लागली की ती दूरचित्रवाणीपुरती राहत नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. चहाच्या टपरीवर मी त्या दिवसांत जे ऐकले ते सारे मालिकेच्या भाषेतले होते: पाठीत खंजीर, काका-पुतण्या, कोण कोणाचा सूड घेणार. सहकारी बँका, साखर कारखाने, जमिनींचे आरक्षण यांचा हिशेब मांडणारा क्वचितच भेटला. पुढाऱ्यांना हे सोयीचेच असते. सूडाची गोष्ट ऐकणारा खतावणी मागत नाही.

आणि मग ८ डिसेंबर २०२३. याच तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या करणाऱ्या, विनापरवाना चाललेल्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. त्याच दिवशी सहाजण दगावले, बहुतेक स्त्रिया. पुढे रुग्णालयात आणखी मृत्यू झाले. आपण काय केले? खलनायक शोधला. मालक कोण, त्याला अटक झाली का, एवढे विचारले आणि पुढच्या भागाकडे वळलो. लोभी मालकाला शिक्षा व्हावीच. पण १९९७ साली महापालिकेत आलेल्या या गावात पत्र्याच्या शेडमध्ये दारूकाम चालते आणि ते कोणाच्याच दप्तरी नसते, याला एका माणसाचा लोभ पुरेसा नाही. त्याला स्वस्त मजुरी लागते, भाड्याची शेड लागते, कंत्राटाची साखळी लागते आणि न येणारा तपासनीस लागतो. यांतल्या एकाचाही चेहरा पडद्यावर दाखवण्याजोगा नाही.

म्हणून आज भाषण येथेच थांबवतो आणि एक काम सांगतो. पुढच्या बैठकीस येताना प्रत्येकाने आपल्या घराजवळच्या एका शेडची माहिती आणावी: आत किती माणसे काम करतात, त्यांत स्त्रिया किती, रोज काय मिळतो, आत काय साठवले आहे, आणि बाहेर पडावयास दारे किती आहेत.