तज्ज्ञ वैद्य खेड्याच्या दाराशी
(महोत्सवी सभेत मैलूर येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या निधीतून खेड्यांसाठी वैद्यकीय सोय करावी, असा विचार आपल्या मंडळींत चालू आहे. तेव्हा दूरवैद्यक, म्हणजे तज्ज्ञाने लांब बसून रोगी तपासण्याची पद्धत, याविषयी दोन शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे.

ही कल्पना नवी नाही. हृदयाचा आलेख काढणारे यंत्र हॉलंडच्या आइन्टोव्हेन यांनी सिद्ध केले. ते इतके अवजड होते की रोग्याजवळ नेणे अशक्य. म्हणून १९०५ साली त्यांनी लायडनच्या रुग्णालयातील रोग्याचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून, सुमारे दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला. आज तेच यंत्र पिशवीत मावते आणि बॅटरीवर चालते. छातीवर व हातापायांवर मिळून दहा तारा लावल्या की आलेख निघतो व मोबाइलवरून तज्ज्ञाकडे जातो. रेंज कमी असली तर समोरासमोर बोलणे तुटते. पण आलेख किंवा छायाचित्र थोड्या विलंबाने का होईना, पोहोचते.

आपल्याकडे २००० साली आंध्रातील आरगोंडा या खेड्यात उपग्रहाच्या साहाय्याने असे केंद्र सुरू झाले. कर्नाटक शासनाने २०२३ साली जाहीर केलेल्या पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेचीही रीत हीच. आलेख तालुक्याच्या रुग्णालयात काढायचा, जयदेव हृद्रोग संस्थेच्या तज्ज्ञांनी तो पाहायचा, आणि रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तालुक्यालाच द्यायचे. हे औषध झटक्यानंतर बारा तासांच्या आत द्यावे लागते, आणि जितके लवकर तितके अधिक गुणकारी.

परंतु औराद किंवा भालकी तालुक्यातील तांड्यावरचा माणूस तालुक्याला निघतो केव्हा? छातीत कळ आली तर पित्त समजून तो सोडा पितो आणि सकाळची वाट पाहतो. ती रात्रच त्याचा घात करते. पिशवीतले यंत्र उपयोगी पडायचे ते येथे.

मात्र केवळ यंत्राने काम होत नाही. सातपुड्यातील मेळघाटात, धारणी तालुक्यात हरिसाल नावाचे गाव आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासन व मायक्रोसॉफ्ट कंपनी यांनी ते डिजिटल गाव म्हणून पुढे आणले. दूरवैद्यक त्यातच होते. पुढे २०१९ च्या निवडणुकीत, तेथील सोयी खरोखर चालू आहेत काय, यावर जाहीर वाद झाला. दोष कोणाचा, हे ठरविण्याचे मला कारण नाही. उद्‌घाटन एका दिवसाचे असते आणि सेवा रोजची असते, एवढे मात्र त्यातून शिकावे. त्याच मेळघाटात बैरागड येथे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे हे दांपत्य वर्षानुवर्षे राहून सेवा करीत आले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेथे विश्वास बसला तो राहणाऱ्या माणसावर.

म्हणून माझी सूचना अशी. यंत्र अवश्य घ्यावे. पण त्याआधी गावातीलच एखादी शिकलेली मुलगी निवडून तिला शिकवावे आणि निदान पाच वर्षांच्या वेतनाची तरतूद करावी. दुसऱ्या टोकाला कोणता डॉक्टर कोणत्या वेळी उत्तर देईल, हे लेखी ठरवावे. आणि ‘रोग्याला ताबडतोब हलवा’ असे उत्तर आले तर गाडी कोणाची, हेही आधीच ठरलेले असावे. २०२० च्या केंद्रीय नियमांनी रोग्याजवळच्या आरोग्यसेविकेमार्फत असा सल्ला घेण्यास मान्यता दिलेली आहे.

आपल्या सीमाभागात त्या मुलीवर आणखी एक काम पडेल. आजीबाई मराठीत म्हणतील, ‘जीव घाबरा होतोय, हात भरून आलाय’. पलीकडचा डॉक्टर कन्नड बोलणारा असेल. त्या दोन वाक्यांचा नेमका अर्थ त्याला सांगणारे माणूसच मध्ये हवे. तारेवरून आलेख जाईल, दुखणे कसे जाईल?

यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, महिन्याच्या पगारावर कोरता येत नाही, हे मी जाणतो. तरीही आपल्या दात्यांनी या दुसऱ्या दानाचा आधी विचार करावा, अशी हात जोडून विनंती करतो आणि आपली रजा घेतो.