शब्दाची निवड आणि स्त्रीचा अधिकार

(जयपूर येथील विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील मराठी वाचकांसमोर दिलेले भाषण)



कामधंद्यानिमित्त येथे स्थायिक झालेल्या आपणा मंडळींना एक गोष्ट नित्य अनुभवास येत असेल. घरी आपण ‘माझा आत्मा’ म्हणतो. उंबरठ्याबाहेर, हिंदीत, तो ‘मेरी आत्मा’ होतो. शब्द तोच, लिंग मात्र पालटते. व्याकरणातील ही किरकोळ वाटणारी बाब धर्मविचारात किती दूरवर पोहोचते, हे आज सांगावयाचे आहे.

बायबलच्या जुन्या करारात ईश्वराच्या आत्म्यासाठी ‘रूआख’ हा हिब्रू शब्द येतो व तो बहुधा स्त्रीलिंगी असतो. ग्रीकमधील ‘न्यूमा’ नपुंसकलिंगी, तर लॅटिनमधील ‘स्पिरितुस’ पुल्लिंगी. व्याकरणातील लिंगावरून ईश्वराचे लिंग ठरत नाही, हे धर्मशास्त्रासही मान्य आहे. मग ईश्वराविषयी केवळ पुल्लिंगी भाषेतच का बोलावे, असा प्रश्न एलिझाबेथ जॉन्सन या कॅथलिक विदुषीने १९९२ साली ‘शी हू इज’ या ग्रंथात उपस्थित केला.

दुसरे उदाहरण अनुवादकाच्या अधिक जवळचे आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात संत पौल फिबी नावाच्या स्त्रीस ‘दियाकोनोस’ म्हणतो. हा शब्द पुरुषांविषयी आला की अनुवादात पुष्कळदा ‘डीकन’ हे धर्मपद उमटते. फिबीच्या वाट्यास मात्र ‘सेविका’ येते. त्याच अध्यायातील युनियेची चौथ्या शतकातील क्रिसोस्तोम यांनी स्त्री म्हणूनच स्तुती केली होती. पुढे अनेक अभ्यासकांनी तिला पुरुष ठरविले. एलिझाबेथ श्यूसलर फिओरेंझा यांनी ‘इन मेमरी ऑफ हर’ या १९८३ च्या ग्रंथात अशा विस्मृत स्त्रियांचा इतिहास नव्याने मांडला.

असा अभ्यास आधी का झाला नाही? मूळ भाषा आणि धर्मशास्त्राचे उच्च शिक्षण दीर्घकाळ मुख्यतः धर्मगुरूंपुरते राहिले होते. अमेरिकेत सिस्टर मॅडेलेव्हा वुल्फ यांनी १९४३ मध्ये सेंट मेरीज कॉलेजात स्त्रियांसाठी धर्मशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले, तेव्हा ते दार किलकिले झाले. तेरेसा व कॅथरिन या संत स्त्रियांना ‘चर्चचे आचार्य’ हा सन्मान मिळण्यास १९७० साल उजाडावे लागले.

आपल्या महाराष्ट्रात मात्र एका स्त्रीने हे दार आपल्या हातांनी उघडले होते. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण श्रद्धेच्या बाबतीत धर्माधिकाऱ्यांचा शब्द निमूटपणे स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत, हेही त्यांना रुचले नाही. त्यांना संस्कृत हवे होते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक आत्मसात करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. तेथील स्त्रियांनीच खिळे जुळविले, छपाई केली. रमाबाई १९२२ मध्ये निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्रांच्या सान्निध्यात राहणाऱ्या आपणांस या श्रमाचे मोल वेगळे सांगावयास नको.

मुंबईतील ‘सत्यशोधक’ या ख्रिस्ती स्त्रियांच्या गटाने जोतीरावांच्या समाजाची आठवण देणारे नाव धारण केले. या गटातील ॲस्ट्रिड लोबो गाजीवाला व्यवसायाने वैज्ञानिक. भारतातील कॅथलिक बिशपांनी २०१० मध्ये स्त्री-पुरुष समतेविषयीचे धोरण जाहीर केले, त्याच्या घडणीत त्यांचा सहभाग होता. पौरोहित्य मात्र स्त्रियांना आजही मिळालेले नाही. चर्चला तसा अधिकारच नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये जाहीर केले.

या वादात कोणाचा पक्ष घ्यावा, हे ज्याने त्याने ठरवावे. माझी विनंती वाचकापुरती आहे. कोणत्याही धर्माचा ग्रंथ अनुवादात वाचताना, येथे मूळ शब्द कोणता होता आणि त्याचा अर्थ कोणी ठरविला, एवढे अवश्य विचारावे. ‘सेविका’ या एका शब्दाने फिबीचे पद कित्येक पिढ्यांच्या दृष्टीआड राहिले. अनुवादकाच्या मेजावर घडणाऱ्या अशा गोष्टींचा जाब वाचकाने मागितला पाहिजे.